मदत हवी आहे: चुनखडी पावडर घातल्यापासून वाफेवर पिकवलेला काँक्रीटचा माल कच्चा निघतोय

साचा_मोकळा: सिमेंटच्या १५% जागी चुनखडी पावडर घातली. १६ तासांचा क्यूब (ताकद तपासायचा ठोकळा) २६ ऐवजी १८ मेगापास्कलला फुटतोय. बाकी काही बदललेलं नाही. पावडर काढू की तापमान वाढवू? उद्या ओतायचंय.

ओली_रेती: पाणी किती? वाफ कधी सुरू करता, कमाल किती अंश?

साचा_मोकळा: सिमेंट ४०० किलो होतं, आता ३४० अधिक ६० पावडर. पाणी १६०च. वाफ नेहमीसारखी, ६० अंश.

ओली_रेती: मग बदललंय की! पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० वरून ०.४७ झालं. बारीक पावडरीच्या कणांवर सिमेंटचं जेल (ताकद देणारा बांधणारा पदार्थ) लवकर धरतं, पण त्याचा लाभ पहिल्या काही तासांतला. १६ तासांनी कमी झालेलं सिमेंटच दिसतं.

स्लॅगवाला: चुनखडी सोडा, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी) घ्या. उष्णता मानवते त्याला.

ओली_रेती: मानवते, पण सेट (काँक्रीट आळणं) उशिरा होतो. हे घाईत आहेत, त्यांना नवी डोकेदुखी कशाला?

दाणेदार: क्वार्ट्झ पावडर १८० अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या बंद भांड्यात) टोबरमोराइट हे मजबूत स्फटिक देते, जबरदस्त ताकद.

स्लॅगवाला: ऑटोक्लेव्हचं कोणी विचारलंय? ६० अंशांना क्वार्ट्झ नुसता भरणा.

साचा_मोकळा: ८० अंश केले तर?

ओली_रेती: मुळीच नको. काँक्रीट ७० च्या वर गेलं की एट्रिंजाइट (सिमेंटमध्ये तयार होणारे सुईसारखे स्फटिक) टिकत नाही. पुढे ओलाव्यात ते पुन्हा तयार होऊन माल फुगतो, तडकतो. आधी सांगा, प्लास्टिसायझर (मिश्रण पातळ करणारं रसायन) वाढवलंत का? आणि ‘नेहमीसारखी’ म्हणजे किती तासांनी?

साचा_मोकळा: पावडरीने मिश्रण घट्ट झालं म्हणून ०.८ चं १.४% केलं. वाफ दीड तासाने.

ओली_रेती: सापडलं! जास्तीच्या डोसने सेट लांबला, आणि सेटआधीच वाफ दिली की आतली हवा-पाणी फुगून बारीक भेगा पडतात. उद्या ८% वर या: सिमेंट ३६८, पावडर ३२, पाणी १५०. डोस १% च्या आत बसतो का ते छोट्या घाण्यात बघा. सेट सुईने तपासा, मगच वाफ. तासाला २० अंशांहून जास्त चढवू नका. क्यूब मालाशेजारीच ठेवा.

स्लॅगवाला: पावडरीत माती असेल तर? घट्टपणा तिचाच असू शकतो. मिथिलीन ब्लू चाचणी (माती किती निळा रंग शोषते ते बघणारी) करा, १०० ग्रॅमला १.२ ग्रॅमच्या वर गेली तर पोतं परत करा.

दाणेदार: पांढऱ्या पावडरीने पृष्ठभाग मात्र उजळ येतो हं.

साचा_मोकळा: उजळपणाचं नंतर बघू. सुई कुठे रुतवायची, काँक्रीटमध्येच का?

ओली_रेती: नाही, खडी चाळून उरलेल्या मसाल्यात. सुई रुतवताना लागणारा रोध ३.५ मेगापास्कल झाला की वाफ सुरू करा.