मदत हवी आहे: टेनिस दुहेरीतील भारतीय जोड्या ड्रॉच्या आधी कुठे कळतात?

रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, तेव्हापासून मी युकी भांबरी, श्रीराम बालाजी, ऋत्विक बोल्लिपल्ली आणि आपल्या पुण्याचा अर्जुन कढे यांचे सामने मनापासून पाहतो. अडचण अशी की, दुहेरीत प्रवेश दोघांच्या एकत्रित क्रमवारीवर ठरतो आणि जोडीदार वरचेवर बदलतात, त्यामुळे कोण कुठे, कोणाबरोबर उतरणार हे मला ड्रॉ (कोणाची गाठ कोणाशी, हे ठरवणारी सोडत) लागल्यावरच, कधी तर सामना आटोपल्यावर कळते.

एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) संकेतस्थळावरील खेळाडूंची पाने आणि आदल्या दिवशी लागणारा सामन्यांचा क्रम मी पाहतोच. स्कोअरच्या अ‍ॅपवर सूचनाही लावून ठेवल्या होत्या, परंतु तिथे प्रत्येक जोडी हा वेगळा संघ धरला जातो आणि जोडीदार बदलला की सूचना येणे थांबते. चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या स्तरावरील, स्पर्धांचे मोफत प्रक्षेपण मिळते, तेव्हा सामना कुठे पाहावा हा प्रश्न नाही. इन्स्टाग्राम मी वापरत नाही.

दुहेरीची प्रवेशयादी, राखीव जोड्यांसह, ड्रॉच्या आधी खात्रीने कुठे पाहायला मिळते आणि एटीपी २५० (मुख्य दौऱ्यातील सर्वात खालचा स्तर) व चॅलेंजरसाठी ती साधारण किती दिवस आधी लागते?