थायरॉइडचे डोळे हळदीनं आत जातात, हे कोणत्या माणसावर सिद्ध झालं?

आर्वीची लेक
काल इथं एकांनी लिहिलं, "थायरॉइडनं बाहेर आलेले डोळे हळदीतल्या कर्क्युमिननं आणि कांद्यातल्या क्वेर्सेटिननं बरे होतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. इंजेक्शनांच्या नादी लागू नका." रात्रभर झोप नाही आली, म्हणून लिहिते.

माझ्या आईचे डोळे असेच बाहेर आले. गाव म्हणे जागरण होते. मग एकाचे दोन दिसू लागले, झोपेतही पापण्या मिटेनात. चार महिने हळदीचा काढा आणि एका वैदूची पुडी चालली. एक दिवस तिला तिचं लाल लुगडं मळकट दिसलं. नागपूरले नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचे स्नायू सुजून नजरेची नस दाबली जाते आहे. रंग फिके दिसले त्याच दिवशी यायचं होतं. आम्ही तीन आठवडे घालवले होते. एका डोळ्याची नजर पुरती परत आलीच नाही.

प्रयोग झालेत, नाही म्हणत नाही. कोरियात रुग्णांच्या डोळ्यामागच्या पेशी बशीत वाढवून त्यावर क्वेर्सेटिन टाकलं, तर सूज आणि चरबी साठणं कमी झालं. पण बशीतल्या पेशीले पोट नसते, लिव्हर नसते. खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचते.

हळदवाला, समुद्रपूर
ताई, दुःख समजते. पण राग हळदीवर काहून? आमच्या वायगावच्या हळदीले जीआय, म्हणजे त्या गावचाच माल म्हणून सरकारी शिक्का, भेटला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीचं पेटंट दिलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. गुण नसता तर गोऱ्याईनं पेटंट कायले घेतलं असतं? अन् इंजेक्शनचे पैसे कोण देते? कापसाचा भाव तुम्हाले माहीत आहे.

मेडिकलवाला
भाऊ, ते पेटंट जखम भरण्याचं होतं, डोळ्याचं नाही. आपल्याकडं हे आधीपासून माहीत होतं, म्हणूनच ते रद्द झालं. पैशाचं तुमचं खरं आहे. याच रोगावरच्या टेप्रोटुमुमॅब इंजेक्शनला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण मिथाइलप्रेडनिसोलोन हे जुनं स्टेरॉइड औषध आहे, आठवड्याला एक याप्रमाणे बारा आठवडे शिरेतून देतात, अन् त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

झाडपाल्याशी वैर नाही. गडचिरोलीत मलेरियावर देतात ते आर्टेमिसिनिनवालं औषध झाडातूनच आलं, पण मात्रा मोजून, माणसांवर तपासून. विनालेबल पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडते, म्हणून सुरुवातीला सूज उतरते अन् लोक फसतात. अश्वगंधा घेऊन थायरॉइडचं हार्मोन वाढल्याचीही उदाहरणं आहेत.

मास्तर, पांढरकवडा
हळद-हळद चाललं आहे, बिडीचं नाव कोणी घेत नाही! धूम्रपानानं हा डोळ्याचा रोग बळावतो आणि औषधही कमी लागू पडते. माझ्या मेव्हण्याले डॉक्टरनं पहिला प्रश्न हाच विचारला. तो दिवसाले दोन बंडल ओढत होता.

हळदवाला, समुद्रपूर
आता बिडीवर आले! माझ्या बापानं सत्तर वर्षं ओढली, काही झालं नाही.

यवतमाळचा
बिडी सोडा, मास्तर, खर्र्याचं बोला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून शाळेच्या फाटकावर विकतात. २०१२ मध्ये गुटखा बंद केला, खर्रा तसाच. माझा लहान भाऊ बत्तिसाव्या वर्षी तोंड उघडत नव्हता. तुमच्याच शाळेतले शिक्षक खर्रा थुंकून वर्गात येतात, पोराईले काय शिकवणार?

मास्तर, पांढरकवडा
मी खात नाही अन् माझ्या वर्गात चालू देत नाही. सगळ्या मास्तराईले एका मापानं मोजू नका!

यवतमाळचा
तुमच्यावर नव्हतं. पण भाऊ गेला आहे, म्हणून बोलतो.

आर्वीची लेक
दादा, वाईट वाटलं. पण खर्र्यासाठी वेगळा धागा काढा, मी त्यातही लिहीन. डोळ्याच्या बाबतीत पुरावा ओढण्याच्या तंबाखूचा आहे, तो मात्र पक्का.

मेडिकलवाला
एक राहिलं. सौम्य रोगात सेलेनियम या खनिजाचा उपयोग २०११ च्या युरोपातल्या चाचणीत दिसला, सहा महिने गोळ्या देऊन. हळदीचीही अशीच चाचणी होऊ द्या, सगळ्याईच्या आधी मी विकीन.

हळदवाला, समुद्रपूर
ठीक आहे, पुडीचं मानलं. हळद माझ्या वरणात राहीलच, तिथं कोणाचं ऐकणार नाही. एक विचारतो. घरची मंडळी दोन महिन्यांपासून सकाळी डोळे सुजल्याचं सांगते, हात थरथरतात, वजन उतरलं. कोणती तपासणी करू?

आर्वीची लेक
टीएसएच, टी-३, टी-४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करा, अन् डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा. आज घरीच एक-एक डोळा झाकून वहिनीले लाल कापड दाखवा. एका डोळ्यानं फिकं दिसलं तर उद्याची वाट पाहू नका, रात्रीची गाडी धरा.