कॅरव्हॅन घरी ठेवावी की भाड्याच्या शेडमध्ये?

प्रश्न: लातूरला आमच्या अंगणात कॅरव्हॅन (राहण्या-झोपण्याची सोय असलेले चाकांवरचे घर) मावते, परंतु फाटक अरुंद आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो, म्हणून मासिक भाड्याने शेड घ्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: फाटक रुंद करून, वर पत्रे टाकून घरीच ठेवावी. सततच्या उन्हाने टायरच्या बाजूंना भेगा पडतात, त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही टायर निकामी होऊ शकतो. शिवाय उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते आणि ती अधूनमधून चार्ज करणे घरीच सोयीचे पडते.

उत्तर २: उंदरांचे कोणीच बोलत नाही! शेजारी सोयाबीनची पोती असतील, तर वायरिंग कुरतडले जाण्याची भीती राहतेच. भाड्याची जागा घेतलीच, तर चोरी व आगीची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.