दुकानाच्या दारात पिल्लं दत्तक द्यावीत का?

कृष्णाकाठ

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा-सुकामेव्याच्या दुकानाने शहराबाहेरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला हातभार लावायचं ठरवलंय. बेत असा: पाचशेच्या वरच्या प्रत्येक बिलामागे ५ रुपये बाजूला काढायचे, महिन्यातल्या एका रविवारी दुकानापुढे मांडव घालून पिल्लं दत्तक द्यायची, आणि दुकानात पडून राहिलेला तांदूळ व रिकामी पोती निवाऱ्यावर पोचवायची. निवाऱ्यात सध्या चाळीसेक कुत्री आहेत.

मी या बेताच्या बाजूने आहे. दिवसाला अशी ८० बिलं आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,४०० रुपये होतात. १५ किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याला रोज साधारण १५० ग्रॅम कोरडा तांदूळ आणि तेवढंच कोंबडीचं मांस लागतं. चाळिसांना रोज ६ किलो, महिन्याला १८० किलो तांदूळ झाला. कणी ४० रुपये किलो धरली तर ७,२०० रुपये, म्हणजे तांदूळ सुटतो आणि ३,२०० लसींना उरतात. शिवाय निवारा गावाबाहेर, तिकडे मुद्दाम कोण जातं? पेठेत पिल्लं लोकांच्या नजरेला तरी पडतील. तुमचं काय मत?

मिरजकर

पैशांना आणि तांदळाला हो. मांडवाला ठाम नाही, आणि त्याचं कारण पार्वो, म्हणजे पिल्लांचा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार.

पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा असाच दुसरा रोग) यांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देतात. पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती या काळात कधीतरी संपते आणि लसीची अजून पुरती आलेली नसते. नेमक्या याच वयाची पिल्लं लोकांना गोंडस दिसतात म्हणून मांडवात आणली जातात. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. पेठेच्या रस्त्यावर रोज किती कुत्री हगतात ते सांगायला नको. पिल्लू रविवारी निरोगी दिसतं, लागण झाली असेल तर तीन ते सात दिवसांत उलट्या आणि रक्ताची जुलाब सुरू होते, आणि तोवर ते कुणाच्या तरी घरी गेलेलं असतं. घरच्यांना वाटतं, निवाऱ्याने आजारी पिल्लू गळ्यात मारलं.

उलट दिशेनेही तेच. मांडवात हाताळलेलं आणि न खपलेलं पिल्लू संध्याकाळी परत निवाऱ्यात गेलं की लागण सगळ्या निवाऱ्यात. परत आलेल्याला १४ दिवस वेगळं ठेवायला खोली आहे का, हे आधी विचारा. नसेल तर मांडवाचे पैसे त्या खोलीला द्या.

पेठेतला

मिरजकर, वैद्यकीय मुद्दा मान्य. पण व्यापाराची बाजूही समजून घ्या. दिसत नाही ते काम दुकानात टिकत नाही. गल्ल्यावरचा मुलगा पाच रुपये टाकायला विसरतो, मालक दुसऱ्या कामात अडकतो, दोन-तीन महिन्यांत डबा रिकामा. नव्याचे नऊ दिवस. पिल्लं प्रत्यक्ष दारात असली की गिऱ्हाईक थांबतं, विचारतं, पुढच्या महिन्यात आठवण करून देतं, आणि मालकाला मागे हटता येत नाही. निवाऱ्याला हीच बांधिलकी हवी आहे ना? मांडवाशिवाय ती कशी आणणार ते सांगा.

विश्रामबाग

दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलताय. महिन्याला पाच पिल्लं दत्तक गेली तर वर्षाला साठ. एक मोकाट कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, गाभणकाळ ६३ दिवसांचा, एका वेताला चार-सहा पिल्लं. म्हणजे पेठेतल्या सहा-सात माद्यांची नसबंदी झाली नाही, तर त्या साठांची भरपाई वर्षात होते. त्यातली बरीच जगत नाहीत हे खरं, पण त्यांचं मरणं म्हणजे उपाय नव्हे.

म्हणून माझं म्हणणं, पाच रुपयांतला पैन् पै नसबंदीला जावा. मात्र तीही कुणाच्याही शेडमध्ये उरकता येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे मोकाट कुत्र्यांचा कार्यक्रम ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. तो प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच चालवावा लागतो. सहा महिन्यांखालचं पिल्लू त्यात घेत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस देखरेखीत ठेवून, कानाला खूण करून, जिथून उचललं तिथेच सोडायचं. दुकानदाराने महापालिकेकडे गल्लीतल्या कुत्र्यांची यादी द्यावी: रंग, नर की मादी, कान कापलेला आहे का, कुठे झोपते. पकडणाऱ्या गाडीचा अर्धा दिवस अशा माहितीअभावी वाया जातो. या कामाला पैसाही लागत नाही.

कृष्णाकाठ

विश्रामबाग, नसबंदीला विरोध कुणाचाच नाही. पण निवारा आता ऐच्छिक राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला नसबंदी-लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. मग ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायची, पुन्हा तिथे सोडायची नाहीत असं आलं. सांगलीचं बसस्थानक आणि मिरज जंक्शन डोळ्यांपुढे आणा. ही कुत्री जन्मभर निवाऱ्यात राहणार असतील, तर दत्तक दिलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक जागा मोकळी होते. ऑगस्टच्या आदेशातही मोकाट कुत्रं रीतसर दत्तक घ्यायची वाट ठेवलेली आहे, फक्त ते परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर.

विश्रामबाग

मग मोठी कुत्री दत्तक द्या. मांडवात पिल्लं का?

मिरजकर

हाच खरा प्रश्न आहे. दोन वर्षांच्या, नसबंदी झालेल्या, रेबीज आणि बाकी लसी पूर्ण असलेल्या कुत्र्याला दुकानापुढे दोन तास आणायला माझी हरकत नाही. एका वेळी दोन, फार तर तीन. सकाळी आठ ते दहा, कारण एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि दहानंतर फरशी पाय पोळते. प्रत्येकामागे एक ओळखीचा माणूस, पट्टा हातात, खांबाला बांधायचं नाही. जवळ नळ आणि साबण हवा. नख-दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. हळद-चुना लावायचा नाही.

पिल्लांचे फक्त फोटो लावा. फोटोखाली वय, झालेल्या मात्रा आणि मोठं झाल्यावरचं अंदाजे वजन. हे वजन लिहायला लोक विसरतात, आणि फ्लॅटमधून पिल्लू परत येण्याचं ते एक मोठं कारण असतं.

पेठेतला यांनी बांधिलकी कशी आणणार विचारलं. गल्ल्यापाशी एक पाटी ठेवा: या महिन्यात किती जमले, किती किलो तांदूळ गेला, कुणाची नसबंदी झाली. दर महिन्याच्या १ तारखेला खडूने बदलायची. ती शिळी पडली की गिऱ्हाईकच विचारतं.

आता तांदूळ आणि पोत्यांबद्दल, कारण इथे चांगल्या मनाने घात होतो. तांदळात सोंडे झाले असतील तर चाळून, ऊन दाखवून, धुऊन शिजवा, चालतो. पण ओल लागून बुरशी आली असेल, कुबट वास येत असेल, तर एक मूठही देऊ नका. मका आणि शेंगदाण्यालाही तेच लागू. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवल्याने जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. सुकामेव्याचं दुकान आहे म्हणून मुद्दाम सांगतो: बेदाणा नाही. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घरोघरी, शिऱ्यात, पुलावात, मोदकात. कुत्र्याची किडनी त्याने बंद पडू शकते आणि किती खाल्ल्यावर पडेल याचं ठरलेलं माप नाही. लग्नाचं उरलेलं जेवणही नको: कांदा, लसूण, तेल, शिजवलेली हाडं. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं. हाडाविना नुसता भात आणि मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, म्हणून कॅल्शियमची पूड डॉक्टरांना विचारून मापात घाला.

पोती थंडीत अंथरायला उत्तम, पण औषध लावलेल्या बियाण्याची किंवा कीटकनाशक मारलेल्या मालाची नकोत. कडेची सुतळी काढून टाका, पिल्लं ती गिळतात आणि आतड्यात गुंता होतो. आठवड्याला बदला, ओली राहू देऊ नका. गोचीड पोत्यात कमी आणि भिंतीच्या भेगांत जास्त अंडी घालते, म्हणून भेगा बुजवायला सिमेंटची दोन पोती हे ज्यूटच्या पन्नास पोत्यांपेक्षा मोठं दान आहे. कुणी हार्डवेअरवाला वाचत असेल तर ऐका.

शेवटचं फिनेल. सगळ्यात जास्त दान त्याचंच येतं. पार्वोवर त्याचा भरवसा नाही आणि मांजरांना ते घातक. त्याऐवजी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट द्या. आधी घाण साबणाने धुऊन काढायची, मग एक भाग द्रावण तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं जमीन ओली राहू द्यायची, मग धुवायची. द्रावण रोज ताजं करायचं, आणि फिनेलात किंवा ॲसिडात कधी मिसळायचं नाही.

हिशेबनीस

पाच रुपये दुकान स्वतःच्या नफ्यातून देणार, की गिऱ्हाइकाच्या बिलात वाढवणार? गिऱ्हाइकाकडून घेतले तर ते दान गिऱ्हाइकाचं झालं, दुकानाने स्वतःच्या नावावर सवलत मागायची नाही. नफ्यातून देणार असाल तर संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी आहे का बघा आणि २,००० च्या वर रोख देऊ नका, त्यावर वजावट मिळत नाही. वस्तू दिल्या तर ही वजावट नाहीच. दुकानाच्या साठ्यातला माल फुकट दिला की त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, हेही बरेच जण विसरतात. कंपनी कायद्यातला सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा सक्तीचा खर्च, पेठेतल्या दुकानाला लागू होत नाही. तो ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफ्याच्या पुढच्या कंपन्यांना. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कुणी त्यात बसत असेल तर त्यांच्या यादीत प्राणीकल्याण येतं, तिकडे अर्ज करायला हरकत नाही.

शिराळकर

दत्तक फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: कुत्रं रात्री कुठे राहणार? शिराळा-वाळव्याच्या पट्ट्यात "मळ्यावर राखणीला" म्हणून कुत्रं मागणारे भरपूर. चांगली मोकळी जागा, म्हणून लोक खुशीने देतात. उसात बिबट्या आहे आणि साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतं मिळतं. वर छप्पर आणि चारी बाजूंनी जाळी असलेली खोली असेल तरच द्या. खिळ्यांचा पट्टा धनगर मोकळ्या कुत्र्याला घालतात, बांधलेल्याला तो पुरेसा नाही. रात्रीच्या जागेचा फोटो आल्याशिवाय कुत्रं निवाऱ्यातून हलवू नये.

पेठेतला

पाटीची कल्पना पटली. मोठी कुत्री दोन तास, तेही. पण घेतलेलं कुत्रं परत आलं तर? पेठेत नाव दुकानाचं जातं.

मिरजकर

परत येणारच, त्याची लाज नको. नवीन घरात पहिले तीन दिवस कुत्रं जेवत नाही, कोपऱ्यात बसतं, जागेचं भान नसतं. तीन आठवड्यांत वेळा कळतात, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. घेणाऱ्याला हे आधी सांगायचं आणि तिसऱ्या दिवशी, एकविसाव्या दिवशी फोन करायचा. दुकानातला एक माणूस हे फोन करू शकतो. पहिल्याच भेटीत कुत्रं हातात द्यायचं नाही, दुसऱ्या भेटीला घरातले सगळे आले पाहिजेत. पिल्लू असेल तर नसबंदीची अनामत ठेवून घ्या आणि सहा महिन्यांनी दवाखान्याची पावती दाखवली की परत करा.

विश्रामबाग

ही अनामत दुकानाने सांभाळली तर माझा निम्मा विरोध मावळतो. निम्मा उरतो, कारण बिलाचे पैसे अजूनही तांदळालाच चाललेत.

कृष्णाकाठ

तांदूळ लोक देतील, विश्रामबाग. कुणी देत नाही ते पुरातलं छप्पर. २००५, २०१९, २०२१, आपण सगळ्यांनी पाहिलंय. आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. चाळीस कुत्री पाणी आल्यावर हलत नाहीत. पेठेतल्या ज्या व्यापाऱ्याचं गोदाम मिरज रोडच्या उंच बाजूला आहे, त्याने जुलै ते सप्टेंबर एक कोपरा लिहून द्यावा. कागदावर एवढंच: टेम्पो कुणाचा, चालकाचा नंबर, गोदामाची किल्ली कुणाकडे, आणि पाणी ३५ फुटांवर आलं की हलवायला सुरुवात, ४० फुटांची वाट बघायची नाही. भांडणारी कुत्री कोणती ते आधीच ठरवून वेगळ्या पिंजऱ्यात. प्रत्येकाच्या पट्ट्याला नंबर, कारण टेम्पोतून एखादं सुटतंच. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो हा रोग येतो, त्याच्या लसीची वार्षिक मात्रा मे अखेरपर्यंत झालेली हवी. बिलांतून उरणारे ३,२०० आधी तिकडे जाऊ देत. मेनंतर ते नसबंदीला वळवायला माझी ना नाही.