व्याख्यान व्हिडिओवर टाकलं की शिक्षण सुधारतं?

खडूफळा: "व्याख्यानं व्हिडिओवर टाका, वर्ग शंकांसाठी ठेवा, शिक्षण आपोआप सुधारेल" अशी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आपोआप काय सुधारतं? आठवड्याचे चार तास तसेच राहतात, वर दोन तासांचे व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, चर्चा. म्हणजे दीड अभ्यासक्रम. मुलं व्हिडिओ बघत नाहीत, म्हणून शिक्षक वर्गात तेच पुन्हा शिकवतात. मग ज्यांनी पाहिला होता तेही पुढच्या वेळी सोडून देतात.

मध्यक: हा आखणीचा दोष आहे. जेवढं ऑनलाइन चढवलं तेवढं वेळापत्रकातून उतरवायचं. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत, खाली तीन प्रश्न, त्यातला तिसरा "काय कळलं नाही?" मुदत आदल्या रात्रीपर्यंत, सकाळी उत्तरं चाळून तासाची आखणी. वर्गात हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची रीत: संकल्पनेवर एक प्रश्न, ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान. त्याहून कमी आली तर परत समजावा, जास्त आली तर पुढे चला.

खडूफळा: सहा मिनिटांचा आकडा एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या २०१४ च्या अभ्यासातला. तिथे स्वेच्छेने आलेले लोक होते. पदवीच्या सक्तीच्या विषयाला तो डोळे झाकून लावू नका.

तिसराबाक: आणि "व्हिडिओ पाहिल्याचे ५ गुण" यावर कोणीच का बोलत नाही? प्लेअर शेवटापर्यंत गेला एवढंच प्रणालीला कळतं. आवाज बंद, दुप्पट वेग, दुसऱ्या टॅबमध्ये चालू, झालं १०० टक्के! नेट तुटतं म्हणून डाउनलोड करून दोनदा पाहणाऱ्याच्या नावापुढे मात्र शून्य.

उपांत्य: गुण काढले तर कोणी उघडणारही नाही.

तिसराबाक: गुण उत्तराला द्या, बघण्याला नको.

उपांत्य: उत्तरं दहा मिनिटांत ग्रुपवर फिरतात.

तिसराबाक: सगळ्यांना चोर समजूनच सुरुवात करायची का? प्रत्येकाला वेगळे आकडे येतील असे प्रश्न करा, सोबत दोन ओळींत कारण मागा.

उपांत्य: १२० जणांची कारणं तपासणार कोण? दर आठवड्याला! शिक्षकाच्या कार्यभारात हा वेळ धरतच नाहीत, आणि सल्ले फुकट मिळतात.

मध्यक: सगळी तपासायची गरज नाही. चुकलेल्यांतली वीस वाचली तरी नेमकं कुठे अडलंय ते कळतं. बाकीच्यांना फक्त लिहिल्याचे गुण.

उपांत्य: वीस जमतील. पण तेही कार्यभारात मोजा, मगच बोला.

खडूफळा: प्रयोगशाळेपुरतं मीही मान्य करतो. कृती आणि सुरक्षेचे नियम आधी व्हिडिओवर, दारात छोटी चाचणी, म्हणजे पहिला अर्धा तास सूचनांत जात नाही. पण ब्युरेटची, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायच्या मापनळीची, तोटी जरा जास्त फिरली की रंग गडद होतो आणि अनुमापन (टायट्रेशन) पुन्हा करावं लागतं. शेवटचा थेंब सोडायला हातच बसावा लागतो. तेव्हा प्रात्यक्षिकाचा एकही तास कापू देणार नाही.

मध्यक: प्रात्यक्षिकाचे तास कापा असं मी कुठे म्हटलं? व्याख्यानांचे कापा.