पायऱ्यांवरचे बिस्किट आणि रात्रीचे वरण

बी-२०३, वहिनी: सर्वांना नमस्कार. सोसायटीच्या गणपतीत मुलांना अवेळी खाऊ देण्याचा विषय निघाला होता आणि तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती, म्हणून पुन्हा लिहिताना संकोच वाटतो. परंतु आज सलग चौथ्या रात्री आमच्या धाकट्याने ताट पाहून तोंड फिरवले आणि चौकशीअंती कळले, की सहा वाजता पायऱ्यांवर त्याला क्रीमची तीन बिस्किटे व चिप्सचे अर्धे पाकीट मिळाले होते. देणाऱ्यांचे प्रेम मी जाणते. सव्वादोन वर्षांच्या मुलाचे पोट केवढे असते, एवढेच ध्यानात घ्यावे.

ए-१०१, अण्णा: सूनबाई, रोख माझ्याकडे आहे हे समजले. लेकराने हात पुढे केल्यावर नाही म्हणणे आमच्या पिढीला जमत नाही. आमची चारही लेकरे चहा-बिस्किटावर वाढली आणि त्यातला एक आज तहसीलमध्ये आहे.

सचिव: बिस्किटांचे रिकामे पुडे पायऱ्यांवर टाकू नयेत, ही नम्र विनंती.

सी-३०५: अण्णा, माझा फेरफार तिथे आठ महिने पडून आहे, त्यामुळे चहा-बिस्किटाच्या परिणामांविषयी मी मत राखून ठेवतो.

ए-१०१, अण्णा: विनोद कुणाच्या घरावर करावा, याचे भान असावे.

सी-१०२, डॉक्टर ताई: अण्णा, रागावू नका, पण चहा लहान मुलांना देऊच नये; त्यामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. वहिनी, पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते, त्यामुळे याच वयात भूक मंदावते आणि घरचे लोक घाबरून मागे वाटी घेऊन धावू लागतात. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेषा नीट वर जात असेल, तर काय आणि केव्हा वाढायचे ते आपण ठरवावे, किती खायचे ते त्याच्यावर सोडावे. दोन खाण्यांत अडीच-तीन तास काहीही नको, पाणी तेवढे चालेल. नवी भाजी आठ-दहा वेळा ताटात दिसल्यावर कुठे मूल तिला हात लावते. दोनदा नाकारली म्हणजे आवडत नाही, असे समजू नये.

बी-४०४: आमच्याकडे मोबाईल लावला की पोळी निमूटपणे संपते.

सी-१०२, डॉक्टर ताई: संपते, पण पोट भरल्याचे त्याला कळत नाही.

ए-१०१, अण्णा: मग बिस्किटांऐवजी खारे शेंगदाणे देत जाईन. ते तरी आपल्या मातीतले आहेत.

सी-१०२, डॉक्टर ताई: अख्खा शेंगदाणा या वयात श्वासनलिकेत अडकू शकतो, अण्णा. कूट करून भाकरीवर द्या.

सचिव: पुड्यांविषयीची वरील विनंती कुणी वाचलेली दिसत नाही, म्हणून पुन्हा पाठवत आहे.

सी-३०५: ज्या लातूरची तूरडाळ गावोगावी जाते, त्याच लातूरमध्ये लेकरू वरण खात नाही, हे बाजार समितीच्या कानावर घालावे काय?

सी-१०२, डॉक्टर ताई: थट्टा बाजूला ठेवू. वहिनी, दिवसभरात दूध किती पिते?

बी-२०३, वहिनी: सकाळी एक पेला, दुपारी एक आणि झोपताना बाटली. शिवाय मी कार्यालयात असताना किती दिले जाते, ते मला सांगता येणार नाही.

बी-२०३, आजी: सांगता येणार नाही असे लिहिण्याऐवजी मला विचारले असते, तर मी सांगितले असते, भिंतीपलीकडच्याच खोलीत बसले आहे. तो उपाशी राहतो हे पाहवत नाही म्हणून चार वाजता आणखी एक पेला देते. अण्णांच्या बिस्किटांची बोलणी चारचौघांत झाली, आता माझ्या दुधाचीही होऊ द्या.

सी-१०२, डॉक्टर ताई: आजी, दूध वाईट नाही, पण त्यात लोह फारसे नसते आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले की जेवणाची जागा तेच घेते. मूल पांढुरके दिसू लागते, भूक आणखी मरते आणि मग आपण पुन्हा दूधच देतो. चारचा पेला बंद करून त्या वेळी पेरूच्या बिया काढून फोड द्या किंवा अर्धे धपाटे द्या. वरणावर लिंबू पिळलेत, तर त्यातले लोह अधिक चांगले लागते.

ए-१०१, अण्णा: आजी, आपण दोघेही एकाच चुकीचे मानकरी ठरलो म्हणायचे. उद्यापासून माझ्या खिशात पुडा नसेल.

सचिव: आभारी आहे.

बी-२०३, आजी: उद्या चारला दूध तापवणार नाही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून ठेवीन. घरात लिंबू नाही, सूनबाईंनी येताना आणावे.