प्लाय आडवा कापला की कडेला कुसळं निघतात, ब्लेड कोणतं घ्यावं?

मानेवाडा_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. घरच्या किचनच्या शटरसाठी लकडगंजातून 18 एमएम मरीन प्लाय आणला, वर 710 (मरीन प्लायचा आयएस नंबर) छापलेला, म्हणजे माल चांगला आहे. टेबल सॉ 10 इंची, मशीनसोबत आलेलं 24 दात्यांचं ब्लेडच लावलंय. लांबीत कापते तेव्हा कड बऱ्यापैकी येते पण आडवा कापला की खालचं व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, उचकटून येतं, बोट फिरवलं की कुसळ रुततं. दुकानात एकजण म्हणे 40 दाते घ्या, दुसरा म्हणे 100 च घ्या. अजून तीन शीट कापायच्या आहेत, 8 बाय 4 च्या, एकही वाया जायला नको. काय घेऊ?

जुना_मिस्त्री_इतवारी
ताई, लांबीत ठीक अन् आडवं खराब हे तुम्ही सांगितलं नं, त्यातच सगळं आलं. वरच्या व्हीनियरचे रेषे शीटच्या लांबीत असतात, आडव्या कापात ते तुटायला पाहिजे, तुमचं ब्लेड तोडत नाही, उपटते. 24 दाते म्हणजे लाकूड उभं चिरायचं ब्लेड. टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या टोकांचं, 60 दाते घ्या, पण दुकानात फक्त दाते मोजू नका, धार एटीबी आहे का ते बघा. ब्लेड डोळ्यासमोर आडवं धरा, एक दाता डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे, असं दिसलं पाहिजे, दोन्ही टोकं चाकूसारखी रेषे कापत जातात. 80 नं अजून साफ येते पण मोटर लहान असली अन् शीट हळू ढकलली तर कड जळून काळी पडते. मी 60 वरच काम करून राहिलो. सनमायका चिकटवलेला प्लाय कापायचा असेल तर टीसीजी धारेचं घ्या, त्यात एक दाता कोपरे छाटलेला अन् पुढचा सपाट असते. अन् मधलं होल अन् ब्लेडवर लिहिलेला आरपीएम मशीनशी जुळवा, ब्लेडचा आरपीएम मशीनपेक्षा कमी नको.

हिंगणा_रोड
मिस्त्रीभाऊंचं बरोबर आहे पण मला वाटतं अर्धा दोष ब्लेडभोवतीच्या रुंद फटीचा आहे. टेबल सॉवर दाता समोरून खाली येतो, म्हणून चांगली बाजू वर ठेवायची, आणि खालच्या बाजूला जिथून दाता बाहेर पडतो तिथं टेकू नसेल तर कितीही भारी ब्लेड लावा, कुसळं येणारच. झिरो क्लिअरन्स प्लेट, म्हणजे ब्लेडभोवती जास्तीची फट न ठेवणारी टेबलातली प्लेट, घरीच बनवा. मूळ प्लेटच्या मापाची प्लायची नाहीतर एमडीएफची प्लेट कापायची, ब्लेड पूर्ण खाली करून बसवायची, वरून लाकडी पट्टी क्लॅम्पनं आवळायची, हात अजिबात लावायचा नाही, मग मशीन चालू करून ब्लेड हळूहळू वर आणायचं. जेवढी ब्लेडची जाडी तेवढीच फट पडते. मागे रायव्हिंग नाईफसाठी, म्हणजे ब्लेडमागच्या उभ्या पातीसाठी, फट वाढवावी लागते, ती नाईफ काढून टाकू नका, शीट आपल्या अंगावर फेकली जायचा धोका यानं कमी होतो.

बेसा_चौक
घाई असेल तर आधी ब्लेड फक्त 2 एमएम वर ठेवून एक पास मारा, फेन्स (शीट टेकवायची बाजूची पट्टी) तशीच, मग ब्लेड वाढवून पूर्ण काप. कापाच्या रेषेवर खालच्या बाजूनं मास्किंग टेप लावला तरी फरक पडतो पण मी पासवरच भर देतो.

मानेवाडा_वर्कशॉप
60 दात्यांचं एटीबी आणलं, प्लग काढून बदललं, उरलेल्या तुकड्यावर आधी जुन्या प्लेटवर कापलं, मग नव्या प्लेटवर. जुन्यावरही कुसळं पुष्कळ कमी झाली होती, पण नव्या प्लेटवर खालची कड नखानं खरवडली तरी काही सुटलं नाही! मिस्त्रीभाऊ, हिंगणावाले दादा, दोघांचे खूप आभार. एक शीट झाली, दोन्ही बाजू सारख्या.

जुना_मिस्त्री_इतवारी
बेस्ट. आता तिन्ही शीट झाल्या की ब्लेड काढून दात्यांमागे बघा, प्लायचा गोंद तपकिरी होऊन चिकटतो. त्यानं ब्लेड गरम होते, लोक समजतात धार गेली अन् फेकून देतात. कोमट पाणी अन् भांडे घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, मग कोरडं पुसून लावा.